डॉक्टरांना माझा दिवस सांगितला तेव्हा

मी अमरावतीत बायकांना मोटार चालवायला शिकवते. शिकवणीची गाडी माझी स्वतःची आहे. माझ्या बाजूलाही एक जास्तीचा ब्रेक बसवलेला आहे, आणि गेली पंधरा वर्षं माझा डावा पाय त्या ब्रेकवरच असतो. माझ्याकडे शिकून गेलेल्या बायकांची गावात एक ख्याती आहे. चौकात त्या थोड्या बावरतात, पण पेट्रोल पंपावर, मंगल कार्यालयासमोर, दवाखान्याच्या फाटकाशी गाडी अशी लावतात की बघत राहावं. लोकांना वाटायचं, मॅडमचा पार्किंगवर फार भर आहे.

भर पार्किंगवर नव्हता. जिथे जिथे बरं स्वच्छतागृह आहे तिथे तिथे मी गाडी लावायला सांगायची. कुठल्या पंपावर किल्ली मागावी लागते आणि कुठे दाराला कडी नाही, हे सगळं मला पाठ होतं. शिकवणीचे रस्ते मी त्यावरूनच ठरवायची.

मला आतड्याचा जुना आजार आहे. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला आतून सूज येते, जखमा होतात, रक्त जातं. आधी वर्षभर मी मूळव्याध समजून काढलं. ओळखीच्या बायकांनी सांगितलेलं चूर्ण खाल्लं, सुरण खाल्लं. मग एकदा चक्कर येऊन पडले तेव्हा नवऱ्याने उचलून दवाखान्यात नेलं. दुर्बिणीने तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले, "हे पूर्ण जाणारं दुखणं नाही. ताब्यात ठेवायचं. गोळ्या कायम." बाहेर चाळीस लोक बसले होते. मी मान हलवली आणि बाहेर आले.

पुढची सात वर्षं मी काय केलं ते सांगायला आजही ओशाळल्यासारखं होतं. बरं वाटलं की गोळ्या बंद. त्रास वाढला की जुनी चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात जायचं आणि स्टेरॉइडच्या गोळ्या आणायच्या. त्या गोळ्यांनी चार दिवसांत जादू व्हायची. तोंड मात्र पुरीसारखं फुगायचं, आणि भेटेल तो म्हणायचा, "मॅडम, तब्येत सुधारली हो तुमची!" शिवाय मागच्या बाजूने घ्यायचं एक पातळ औषध लिहून दिलं होतं. ते घेऊन अर्धा तास डाव्या कुशीवर पडून राहायचं होतं. आमचं घर दोन खोल्यांचं. एका खोलीत फुलांच्या टोपल्या, कारण नवऱ्याची शेवंती-झेंडूची शेती आहे. दुसऱ्या खोलीत आम्ही आणि सासूबाई. त्या खोलीत मी कुठे आणि कशी पडून राहणार होते? त्या औषधाच्या बाटल्या मी कपाटात साड्यांखाली ठेवल्या आणि तिथेच त्यांची मुदत संपली.

आजाराचं घरात दोघांनाच माहीत होतं, नवऱ्याला आणि सासूबाईंना. लेक शिकायला बाहेरगावी, तिलाही कळू दिलं नव्हतं. नवरा फारसं बोलायचा नाही. सासूबाईंनी माझ्यासाठी फिकं वरण आणि ताक सुरू केलं. वऱ्हाडातल्या घरात फिकं वरण म्हणजे शिक्षाच. पण त्या कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत.

तीन वर्षांपूर्वी एक नवी शिकाऊ बाई आली. निवृत्त गणिताच्या शिक्षिका, वय बासष्ट. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यांची गाडी दारात उभी होती आणि मुलगा परदेशात. "गाडी विकून टाक म्हणतो," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "म्हटलं, आधी चालवून पाहते. मग ठरवते." मी त्यांना बाई म्हणायची, सवयीने. त्या मला मॅडम म्हणायच्या, शिस्तीने. चालवायच्या मात्र बैलगाडीसारख्या. दुसऱ्या गिअरची त्यांना भीती होती. "पहिल्यात चालते आहे ना व्यवस्थित, मग कशाला उगाच?" हे त्यांचं गणित.

सहाव्या का सातव्या दिवशी आम्ही चांदूर बाजारच्या रस्त्याला लागलो. सकाळचे साडेदहा झाले असतील. वलगाव मागे पडलं, दोन्हीकडे संत्र्यांच्या बागा सुरू झाल्या, आणि माझ्या पोटात ओळखीची कळ आली. ज्यांना हे दुखणं आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. ती कळ आली की हातात पाचेक मिनिटं असतात. त्यात काही मागेपुढे होत नाही. सीट बदलून मी चालवायला बसावं तर खाली उतरण्याचीसुद्धा हिंमत नव्हती.

"बाई," मी म्हटलं, "दुसरा टाका."

"आत्ता? समोर ट्रॅक्टर आहे."

"टाका. आणि मग तिसरा. मला फार घाईची लागली आहे. कुठलंही घर दिसलं की थांबवा."

बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. दुसरा टाकला, तिसरा टाकला, ट्रॅक्टरला हॉर्न देऊन मागे टाकलं, आणि तोंडाने नुसतं "हो, हो, आलंच, आलंच" म्हणत राहिल्या. माझा पाय ब्रेकवर होता, पण मी तो एकदाही दाबला नाही. एका वळणावर मांडव दिसला. बाईंनी गाडी सरळ मांडवाच्या कमानीत घातली.

त्या घरी हळद होती. दारात पन्नास बायका, ढोलकी, पाट मांडलेला. मी कुणाला काही न सांगता आत धावले. एका काकूंनी माझा चेहरा बघून बोटानेच मागचं दार दाखवलं. देव त्यांचं भलं करो.

दहा मिनिटांनी मी घाम पुसत बाहेर आले तर बाई पाटाशेजारी खुर्चीवर बसलेल्या. गालाला हळद, हातात चहाची बशी. नवरीची आत्या विचारत होती, "तुमी नवरदेवाकडच्या नं?"

"नाही हो," बाई शांतपणे म्हणाल्या, "आम्ही ड्रायव्हिंग स्कूलकडच्या."

मांडवात असा हशा झाला की ढोलकी थांबली. मग मलाही हळद लागली. "रस्त्यानं आल्या तं काय झालं, पावन्याच हायेत," म्हणून आम्हाला दोन-दोन लाडू बांधून दिले. गाडीत बसलो तेव्हा आम्ही दोघी पिवळ्याधमक होतो.

परत येताना बाईंनी आपणहून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी घातली आणि मग म्हणाल्या, "आता सांगा. हे आजचं नाही."

मी सगळं सांगितलं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं इतकं. साड्यांखालच्या बाटल्या, स्वतःहून आणलेल्या गोळ्या. बाहेरगावचं लग्न आलं की खोटी कारणं, सकाळी सातच्या शिकवणीआधी पहाटेपासून काही न खाणं. बाईंनी मध्ये एकदाही अरेरे केलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "यातलं डॉक्टरांना किती माहीत आहे?"

"काहीच नाही."

"मग त्यांनी उदाहरण सोडवायचं कसं? तुम्ही अर्धी माहिती खोडून कागद दिलात."

बाईंच्या भावाला अकोल्यात पोटाच्या एका डॉक्टरांचा चांगला गुण आला होता. तिथे जायचं ठरलं. बाईंनी मला चौकटीची वही दिली आणि सांगितलं की पंधरा दिवस रोज लिहायचं. काय खाल्लं, कितीदा जावं लागलं, काय बुडालं, कशाची भीती वाटली. शेवटच्या पानावर प्रश्न. मी पहिल्या दिवशी तीन ओळी लिहिल्या. चौथ्या दिवशी दोन पानं झाली.

अकोल्याला मी गाडी चालवत गेले, बाई शेजारी. मूर्तिजापूरला एकदा थांबलो, बोरगावला एकदा. डॉक्टर चाळिशीचे असतील. बोलण्यावरून तेल्हाऱ्याकडचे वाटले. त्यांनी जुने रिपोर्ट पाहिले आणि विचारलं, "सगळ्यात जास्त त्रास कशाचा आहे?"

मला वाटलं, रक्ताबद्दल विचारताहेत. ते सांगू लागले तर म्हणाले, "ते रिपोर्टमध्ये दिसतं. तुम्हाला कशाचा?"

मी म्हटलं, "रस्त्याचा."

मग वही पुढे केली. डॉक्टरांनी ती खरोखर वाचली. मध्येच हसले, कारण हळदीचा प्रसंग मी सविस्तर लिहिला होता. गोळ्यांच्या पानावर आल्यावर हसू गेलं. स्टेरॉइड असं मनाने घेणं आणि मनाने एकदम सोडणं किती धोक्याचं आहे, हाडांचं काय होतं, साखरेचं काय होतं, हे त्यांनी मला पाच मिनिटं चांगलं सुनावलं. मी मान खाली घालून ऐकलं. बाईही मान खाली घालून बसल्या, जणू त्यांचीच विद्यार्थिनी नापास झाली.

"आणि मागून घ्यायचं औषध?" त्यांनी विचारलं. "ते का नाही घेतलं?"

मी घराचा नकाशा सांगितला. दोन खोल्या, टोपल्या, सासूबाई. डॉक्टरांनी तेही टिपून घेतलं. मग म्हणाले, "त्याच औषधाची छोटी वडी येते. शेंगदाण्यापेक्षा जराशी मोठी. झोपायला जाताना आत ठेवायची, पडून राहायची भानगड नाही. तुमचा आजार अगदी शेवटच्या भागात आहे, तिथे ती चालेल. हे कुणी सांगितलं नव्हतं?"

"मी कुणाला विचारलंच नव्हतं," मी म्हटलं.

पुढे त्यांनी कागदावर तीन रस्ते मांडले. पहिला असा की आत्ताच्याच गोळ्या पूर्ण मात्रेत, एकही दिवस न चुकवता, आणि सोबत ती वडी. दोन महिने पाहायचं. दुसरा म्हणजे प्रतिकारशक्ती थोडी दाबणाऱ्या गोळ्या. त्यांचा गुण यायला वेळ लागतो, सुरुवातीला सारखं रक्त तपासावं लागतं, जंतुसंसर्गाला जपावं लागतं, आणि काही दुर्मीळ पण गंभीर धोके असतात, तेही त्यांनी नावानिशी सांगितले. तिसऱ्यात नव्या प्रकारची इंजेक्शनं होती. त्यांचा परिणाम चांगला, पण महाग, आणि माझ्या आजाराला इतक्यात त्यांची गरज नाही असं त्यांचं मत होतं.

"तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

मला खरं सांगायचं तर रागच आला. "डॉक्टर तुम्ही आहात. मला काय कळतं त्यातलं?"

"औषधातलं मला कळतं," ते म्हणाले. "पण सकाळी सातला तुमच्या गाडीत काय होतं ते मला कळत नाही. जे औषध तुम्ही घेणारच नाही ते मी लिहून काय उपयोग? घाई नाही. घरी बोला, पंधरा दिवसांत सांगा. तोवर गोळ्या मात्र नीट सुरू करा."

घरी आल्यावर मी तो कागद जेवताना पाटाजवळ ठेवला. सासूबाईंना वाचता येत नाही, पण कागदावरच्या तीन चौकटी दिसत होत्या.

"हे काय होय?"

"तीन औषधं आहेत. कुठलं घ्यायचं ते मला ठरवायला सांगितलं आहे."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "तुले इचारलं? काहून? त्याले येत नाई वाट्टे! बदल बापा तो डाक्टर."

नवरा पहिल्यांदा मोठ्याने हसला. मग त्याने कागद उचलला आणि तीन-चार वेळा वाचला. तो फुलांच्या रोगांवर औषध फवारण्याआधी असंच करतो. "दुसऱ्यात धोका किती, हे त्याले इचार," तो म्हणाला. "अन् पहिल्यानं नाई भागलं तं पुढं काय, किती दिवस थांबाचं, हे बी." एवढं सलग तो आजाराबद्दल सात वर्षांत बोलला नव्हता. मी वडीबद्दलही सांगून टाकलं, साड्यांखालच्या बाटल्यांबद्दलही. सासूबाई उठल्या, टोपल्यांच्या खोलीत गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अवो, मी इथं झोपत जाईन नं! फुलाच्या वासात झोप बी मस्त लागते. सांगाची होती नं माय, सात वर्सं काय मौन धरलं होतं?"

पंधरा दिवसांनी मी डॉक्टरांना फोन केला. पहिला रस्ता घेते म्हटलं. नवऱ्याचा प्रश्नही विचारला. डॉक्टरांनी सरळ उत्तर दिलं. दोन महिन्यांत निम्मा तरी फरक हवा, आणि वर्षात पुन्हा स्टेरॉइडची वेळ आली तर दुसऱ्या रस्त्याचा विचार करायचा. ते मी वहीत लिहून घेतलं. फोन ठेवणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "दे इकडं."

त्यांनी फोन कानाला लावला. मला वाटलं, आता डॉक्टरांची काही खैर नाही. पण त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "डाक्टरसाहेब, एक सांगा. लग्न होऊन आली तवा ही पोरगी धडधाकट होती. माह्या हातचं तिखट लई राहाते. त्याच्यानंच झालं काय वो हे?"

माझ्या पुढ्यात सात वर्षं फिकं वरण येत होतं आणि त्यांच्याही ताटात तेच असायचं. मला वाटायचं, वयामुळे खातात.

डॉक्टर काय म्हणाले ते नंतर सासूबाईंनीच अख्ख्या गल्लीला सांगितलं. तिखटाने हा आजार होत नाही. त्रास वाढलेला असेल तेव्हा सोसत नसेल ते टाळायचं, एरवी सोसेल ते खायचं. "तुमचा काही दोष नाही, आजी," असं ते म्हणाले. फोन ठेवून त्या पदराने डोळे पुसत चुलीकडे वळल्या आणि त्या दिवशी नाही, पण दोन महिन्यांनी, मला खरोखर फरक पडल्यावर, त्यांनी भरल्या वांग्याची रस्सेदार भाजी केली. तिच्यावर बोटभर तर्री होती. आधी मला अर्धी वाटी दिली आणि समोर बसून राहिल्या, परीक्षा घेतल्यासारख्या. रात्र बरी गेली. दुसऱ्या दिवशी मी पूर्ण वाटी खाल्ली.

बाईंना त्या सुमारास लायसन्स मिळालं. चाचणीच्या दिवशी अधिकाऱ्याने आठचा आकडा काढायला लावला. बाई उतरल्यावर म्हणाल्या, "वर्तुळ दोन, स्पर्शबिंदू एक. यात अवघड काय आहे?" पुढच्या खेपेला अकोल्याला त्यांनीच गाडी नेली, यजमानांची गाडी, विकायची म्हणून ठेवलेली. मी शेजारी बसले. या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक नव्हता, तरी बडनेऱ्यापर्यंत माझा पाय जमिनीवर दाबलेला होता.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दहा महिने छान गेले आणि दिवाळीच्या तोंडावर आजार पुन्हा उसळला. या वेळी मी दुकानात गेले नाही, फोन केला. स्टेरॉइड घ्यावं लागलं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तारखेवार कमी करत. तोंड पुन्हा फुगलं. शिकवणीला येणाऱ्या एकीने "तब्येत सुधारली" म्हटल्यावर मी तिला आजाराचं नाव सांगितलं. ती बिचारी सिग्नल हिरवा झाला तरी थांबून राहिली.

मग दुसऱ्या रस्त्याची बोलणी झाली. मला त्याची भीती होती आणि मी ती बोलून दाखवली. केस गळतील का, कॅन्सर होईल का, नातवंड झालं तर त्याचं सर्दी-पडसं मला बाधेल का. लेकीचं लग्नसुद्धा झालेलं नाही, तरी नातवंडाचा प्रश्न सासूबाईंनी आग्रहाने लिहायला लावला होता. डॉक्टरांनी एकेकाचं उत्तर दिलं. काहींना "होऊ शकतं, पण क्वचित" म्हणाले, एकाला "नक्की सांगता येत नाही" म्हणाले. मला ते "नक्की सांगता येत नाही" आवडलं. सुरुवातीच्या तपासण्या, लागणाऱ्या लशी, सगळं आधी उरकलं. पहिले दोन आठवडे मळमळ झाली, तेव्हा गोळी सकाळी उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घ्यायचं आम्ही फोनवरच ठरवलं. आम्ही म्हणजे डॉक्टर आणि मी. तीन महिन्यांनी रक्त जाणं थांबलं. दीड वर्ष झालं, अजून थांबलेलंच आहे. दर तीन महिन्यांनी रक्त तपासते, दुर्बिणीची तपासणीही ठरल्या वेळी होते.

गेल्या महिन्यात डॉक्टरांना विचारलं, "आता मी लांब पल्ल्याचं वाहन चालवू शकते का?"

"किती लांब?"

"अवजड वाहनाचं लायसन्स काढायचं आहे. कॉलेजच्या बससाठी बायका ड्रायव्हर हव्यात म्हणे. मी आधी शिकेन, मग शिकवेन."

त्यांनी खुर्ची मागे सारली. "यात माझी परवानगी कशाला हवी?"

"परवानगी नाही मागत. तुमचं मत विचारते आहे. ठरवणार मीच."

ते हसले आणि म्हणाले की पोटाच्या बाजूने त्यांची काही हरकत नाही, फक्त पाणी पिणं सोडू नका. पूर्वी मी प्रवासात पाणीच प्यायची नाही, हे त्यांनी बरोबर लक्षात ठेवलं होतं.

परवा सोमवारी मी पहिल्यांदा ट्रकच्या केबिनमध्ये चढले. शिकवणारा माणूस माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण कडक. स्टिअरिंग एवढं मोठं की दोन्ही हात ताणून धरावं लागलं. बसल्यावर रस्ता खाली, लांबपर्यंत दिसत होता. पंधरा मिनिटांत माझा ट्रक तीनदा बंद पडला. तो म्हणाला, "मॅडम, क्लच हळू सोडा, हळू." मी म्हटलं, "हो सर," आणि चौथ्यांदा चालू केला.